‘पिन बरोबर होता’ एवढ्यावर बँकेची सुटका होत नाही

प्रश्न : कार्ड माझ्याकडेच असताना परगावच्या एटीएममधून रात्री दोनदा 10,000 रुपये काढले गेले. सकाळी एसएमएस पाहताच मी हेल्पलाइनवर कळवून कार्ड बंद केले. पिन माझ्या भाच्याला माहीत आहे, पण तो त्या रात्री घरीच होता. पिन बरोबर असल्याने जबाबदारी माझीच, असे बँक म्हणते. पैसे बुडाले का?

उत्तर : तसे समजू नका. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. कार्ड घालण्याच्या फटीवर बसवलेला स्किमर चुंबकीय पट्टीवरील माहिती टिपतो आणि कळफलकाच्या वर लपवलेला कॅमेरा पिन टिपतो, हे बँकेला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून त्रयस्थाचा असेल आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या 3 दिवसांत ग्राहकाने कळवले असेल, तर त्याच्यावर कोणताही भुर्दंड पडत नाही. आपण सकाळीच कळवलेत. तो तक्रार क्रमांक आणि एसएमएस जपून ठेवा.

आपली कमकुवत बाजू भाच्याची आहे. पिन दुसऱ्याला सांगणे हा निष्काळजीपणाच. मात्र नुकसान त्यामुळेच झाले असेल, तरच ते ग्राहकाच्या माथी येते. भाचा त्या रात्री घरी होता, याचा पुरावा मिळवा आणि ही बाब दडवू नका, कारण ती पुढे बँकेकडून उघड झाली तर आपल्या खऱ्या म्हणण्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

शाखेला आजच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. त्यात त्या एटीएमचे सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याची मागणी करा, कारण ते काही काळाने पुसले जाते, आणि व्यवहार चिपवरून झाला की चुंबकीय पट्टीवरून, हे स्पष्ट विचारा. माझ्या मते सारे प्रकरण याच उत्तरावर फिरेल : पट्टीवरून झाला असेल तर बनावट कार्डाचा संशय बळावतो, चिपवरून झाला असेल तर, चिपची नक्कल कठीण असल्याने, आपली बाजू अवघड होते. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर आणि पोलिसांकडेही तक्रार नोंदवा.

परिपत्रकानुसार ग्राहकाने कळवल्यापासून कामकाजाच्या 10 दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करावी आणि 90 दिवसांत निकाल द्यावा. लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते अमान्य असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. नव्या कार्डाचा पिन मात्र भाच्यालाही सांगू नका.