तळघरातली तेलाची टाकी आणि घराचा विमा

तुम्ही पुण्याहून बॉस्टनजवळ येताय, जुनं घर पसंत पडलंय, तळघरात हीटिंग ऑइलची (घर तापवायच्या तेलाची) टाकी आहे आणि एजंट म्हणतोय की होमओनर्स पॉलिसीत सगळं येतं. टाकी गळली तर विमा पैसे देईल का, असं विचारलंयत. साध्या पॉलिसीवर विसंबलात तर बहुतेक वेळा नाही.

पॉलिसीचे दोन भाग वेगवेगळे वाचा. पहिला भाग तुमच्या मालमत्तेचा. त्यात गंज, झीज आणि प्रदूषक पदार्थाची गळती वगळलेली असते, आणि टाक्या तर बहुधा गंजूनच गळतात. दुसरा भाग इतरांच्या नुकसानीचा. तेल शेजाऱ्याच्या जमिनीत किंवा भूजलात गेलं तर तो लागू होऊ शकतो, पण तिथंही प्रदूषणाचं कलम आडवं येऊ शकतं. शिवाय स्वतःच्या जागेचं नुकसान या भागात धरत नाहीत. म्हणजे तळघराची फरशी फोडून खालची माती काढायचा खर्च, जो सगळ्यात मोठा, तो नेमका दोन्हींच्या मधे पडतो. आणि मॅसॅच्युसेट्सच्या, म्हणजे बॉस्टन ज्या राज्यात आहे तिथल्या, '21ई' कायद्यानुसार चूक कोणाची हे न बघता सफाईची जबाबदारी सध्याच्या मालकावर येते. गळती आधीच्या मालकाच्या काळातली असली तरी!

यावर उपाय आहे. इथल्या कायद्याने विमा कंपन्यांना तेलगळतीचं जादा संरक्षण देऊ करावंच लागतं: स्वतःच्या जागेसाठी किमान 50,000 डॉलर, इतरांच्या नुकसानीसाठी किमान 2,00,000, डिडक्टिबल (क्लेममधला तुम्ही स्वतः भरायचा वाटा) जास्तीत जास्त 1,000. पण ते आपोआप मिळत नाही, मागून घ्यावं लागतं. एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. क्लोजिंगच्या (घर तुमच्या नावावर होण्याच्या) आधी त्या एन्डॉर्समेंटची, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या जादा संरक्षणाच्या कलमाची, प्रत हातात घ्या.

हे संरक्षण मिळायला तेलाची लाइन नियमात बसणारी हवी. टाकीपासून बर्नरपर्यंतची (तेल जाळणाऱ्या यंत्रापर्यंतची) तांब्याची नळी जुन्या घरांत थेट काँक्रीटमध्ये गाडलेली असते. ती आतल्या आत खराब होते आणि महिनोन्‌महिने कळत नाही. म्हणून नळीवर संरक्षक प्लॅस्टिकचं आवरण किंवा टाकीपाशी ऑइल सेफ्टी व्हॉल्व्ह (नळी गळली तर तेल थांबवणारा) लागतो. हे काम परवानाधारक ऑइल बर्नर टेक्निशियननेच करायचं. फायर डिपार्टमेंटच्या परमिटची प्रत विक्रेत्याकडे मागा.

टाकी स्वतः बघा. नेहमीची टाकी 275 गॅलनची, म्हणजे साधारण 1,040 लिटरची. हवेतलं बाष्प आत थंड होऊन पाणी होतं, ते तेलापेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि पत्रा आतून खातं. त्यामुळे वरून रंग छान दिसला तरी काही सिद्ध होत नाही. टाकीच्या पोटाखालून कोरडा पांढरा कागद फिरवा. डिझेलसारखा वास किंवा लालसर तेलकट डाग आला, तर टाकी बदलून मिळाल्याशिवाय सौदा पुढे नेऊ नका. पाय गंजलेत का, तेही बघा. भरलेली टाकी कलंडली तर सगळं तेल जमिनीवर.

पुढे कधी गॅसवर गेलात आणि टाकी काढलीत, तर बाहेरच्या भिंतीतला फिल पाइपही (ज्यातून ट्रकवाला तेल भरतो तो) काढून ते भोक बुजवा. नुसतं झाकण लावून ठेवलेल्या पाइपात पत्ता चुकून ट्रकवाल्याने तेल ओतलं तर ते थेट तळघरात येतं.

गळती झालीच तर आधी टाकीवरचा व्हॉल्व्ह बंद करा, खाली बादली लावा, सांडलेल्यावर कॅट लिटर (मांजराच्या शी-शूसाठी मिळणारी शोषक माती) पसरा. पाण्याने किंवा साबणाने धुवू नका, तेल गटारात किंवा संप पंपातून (तळघरात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपातून) बाहेर जाईल. संप पंप बंद ठेवा. 10 गॅलन किंवा जास्त तेल सांडलं असेल तर कळल्यापासून 2 तासांत राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवणं बंधनकारक आहे. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, काहीही हलवण्याआधी फोटो काढा, आणि गळका पत्रा किंवा नळीचा तुकडा फेकू देऊ नका. क्लेम तपासणारा माणूस गळतीचं कारण त्यावरूनच ठरवतो.