एकांकिका वाचून दाखवली की प्रत्येक जण वेगळं सुचवतो. कोणाचं ऐकावं?

मुंबईतल्या एकांकिका स्पर्धांसाठी लिहितो, त्यामुळे तुमची अडचण नीट समजते.

सूचना आणि तक्रार या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. 'स्वगत निम्मं कर' ही सूचना. त्यामागची तक्रार असते, 'मी तिथे कंटाळलो'. ऐकणारा कंटाळला असेल तर कंटाळला, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उपाय मात्र तुम्हीच शोधायचा. गिरगावातल्या चाळीच्या पुनर्विकासावर लिहिलेल्या माझ्या एकांकिकेत आजोबांचं मोठं स्वगत होतं आणि जवळपास सगळेच ते कापायला सांगत होते. पुन्हा वाचताना लक्षात आलं, की ती खोली आजोबांना का सोडवत नाही, हे तोवर ऐकणाऱ्याला कळलेलंच नसतं. सुनेबरोबरच्या पहिल्या प्रवेशात त्याबद्दलची दोन वाक्यं पेरली. स्वगताला हात लावला नाही. पुढच्या वाचनात त्याच्या लांबीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

वाचन संपल्यावर लगेच 'कसं वाटलं?' विचारू नका. 'काय घडलं ते सांग' म्हणा. मित्र गोष्ट सांगताना जो प्रसंग गाळतो किंवा ज्याचा अर्थ भलताच लावतो, तिथे काम करायचं. 'शेवट गोड कर' म्हणणारा त्याच्या मनातलं नाटक सांगत असतो. त्याचं प्रेमाने ऐका आणि सोडून द्या.

नटांचं मात्र फार मनावर घ्या. एखादा नट एकाच वाक्याला सारखा अडखळत असेल, तर त्याच्या पाठांतराला नावं ठेवण्याआधी ते वाक्य स्वतः मोठ्याने म्हणून बघा. 'मला इथून एक्झिट घ्यायला कारणच मिळत नाही' असं नटी म्हणाली, तर बहुतेक वेळा तो प्रवेशच कच्चा असतो. इतका नेमका अभिप्राय मला तरी दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

आणखी एक, व्यवहाराचं. महाराष्ट्रात प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाची संहिता आधी तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं आणि ते तुम्ही सादर केलेल्या संहितेपुरतंच असतं. म्हणून संहिता तिकडे पाठवण्याआधीच नटांना घेऊन उभ्याने एक पूर्ण तालीम करा, म्हणजे प्रवेशांची उलटापालट करायला मोकळीक राहील.