२४ तासांच्या उपवासापर्यंत हळूहळू कसे जावे?

दिवसातून चार वेळा खाण्याची सवय असताना २४ तासांचा उपवास एकदम धरावा की वाढवत न्यावा, असा आपला प्रश्न आहे. वाढवतच न्यावा, असे माझे मत आहे, आणि ते मी फजिती होऊन बनवले आहे. यावल तालुक्यात आमची केळीची बाग आहे. आदल्या रात्री शेवभाजी चापून खाल्ल्यावर मी एकदा हौसेने ज्येष्ठातली निर्जला एकादशी धरली. दुपारी बागेत ठिबकची नळी जोडताना हात कापू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मला बांधावरच बसावे लागले. त्याआधीच्या माझ्या एकादशा भगर आणि साबुदाण्याच्या खिचडीवर, म्हणजे ‘दुप्पट खाशी’ या प्रकारातच झालेल्या असल्यामुळे शरीराला रिकाम्या पोटाचा सराव कधी मिळालेलाच नव्हता.

यकृतात साधारण १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते आणि जेवण थांबले की रात्रभर तीच खर्च होते. ती संपत येते तसतसे शरीर चरबीवर अधिकाधिक विसंबू लागते. वारंवार खाणाऱ्याला हा बदल सुरुवातीला जड जातो. म्हणून पहिले दोन आठवडे खाणे मुळीच कमी करू नये. फक्त रात्रीचे जेवण नऊऐवजी सातला उरकावे आणि सकाळी सातपर्यंत पाण्याखेरीज काही घेऊ नये. यातले बहुतेक तास झोपेत जातात. त्यानंतर सकाळची न्याहारी आठवड्याला अर्ध्या तासाने पुढे ढकलत १४ आणि मग १६ तासांपर्यंत जावे. घड्याळाकडे न बघता एक टप्पा सहज पार पडू लागला, की मगच पुढचा घ्यावा.

आपल्याकडे खरी अडचण भुकेपेक्षा चहाची असते. दूध-साखरेच्या चहाने उपवास मोडतो, आणि चहा एकदम सोडला तर दुसऱ्याच दिवशी डोके ठणकते, ज्याचा दोष लोक उपवासाला देतात. तेव्हा आधी आठवडाभरात कप कमी करावेत. उपवासात लघवीवाटे मीठही जास्त जाते, त्यामुळे उठताना चक्कर आल्यास पाण्यात चिमूटभर मीठ घालून प्यावे, अर्थात उच्च रक्तदाबाचा त्रास नसेल तर.

१६ तास अंगवळणी पडले की २४ तासांचा उपवास रात्रीच्या जेवणापासून दुसऱ्या रात्रीच्या जेवणापर्यंत धरावा, म्हणजे एकही दिवस पूर्ण उपाशी जात नाही. सुरुवात मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत करावी. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आमच्या वैशाखात नव्हे. आमच्या शेजारच्या जैन कुटुंबात ही पायरी पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते: आधी बियासणे, म्हणजे दोनदाच जेवणे, मग एकासणे, म्हणजे एकदाच जेवणे, आणि मग उकळलेल्या पाण्यावरचा, सुमारे ३६ तासांचा उपवास.

उपवास सोडण्याची रीतही मी त्यांच्याकडूनच शिकलो. ते पारणे मुगाच्या पाण्याने करतात. मी मात्र पहिले २४ तास कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर ठेचा घेऊन सोडले आणि रात्रभर छातीतली जळजळ सोसली. आता आधी मुगाचे पाणी, अर्ध्या तासाने मऊ भात आणि वरण घेतो. भरीत आणि बट्टी दुसऱ्या दिवसासाठी ठेवतो.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घेतल्याशिवाय १२ तासांच्या पुढे जाऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसेच वजन आधीच कमी असलेल्यांनी हा नाद करू नये.

मी स्वतः महिन्यातून दोनदा, २४ तासांवर थांबतो. ३६ तासही करून पाहिले, पण दुसऱ्या दिवशी घड वाहायचे असले की पाय लटपटतात, त्यामुळे केळीच्या कापणीच्या आठवड्यात मी उपवासाचे नावही काढत नाही.