गोळा सुटतो, दाणा थुंकतो, तंगूस तुटतो: कार्पच्या गळाची प्रश्नोत्तरे

शेंगदाणा पेंडीचा गोळा फेकतानाच सुटतो. पाण्यात पोचलाच तर पाच मिनिटांत विरतो. तीन प्रकारचे इसेन्स वापरून झाले, फरक शून्य. (इंदापूर)

इसेन्सचा यात काही दोष नाही. गोळा धरून ठेवते ती कणकेतली चिकटाई. पेंडीतलं तेल आणि जाडसर कण तीच चिकटाई तयार होऊ देत नाहीत. म्हणून सगळं एकदम कालवू नका. आधी एक वाटी कणीक घट्ट मळून 20 मिनिटं झाकून ठेवा. मग दोन वाट्या चाळलेली पेंड आणि अर्धी वाटी भाजक्या हरभऱ्याचं पीठ त्यात थोडं थोडं घालत, पाण्याचे हबके देत मळत जा. एक चमचा भाजलेल्या बडीशेपेची पूड पुरे. पेंड खवट किंवा बुरशीची असेल तर तिच्यावर सुगंध ओतण्यापेक्षा ती फेकून दिलेली बरी.

घरीच चाचणी घ्या. लिंबाएवढा गोळा पाण्याच्या पेल्यात सोडा. 20 मिनिटं तो अंगाने धड राहिला पाहिजे, पण वरून कण सुटत राहिले पाहिजेत. 40 मिनिटांनी ढासळला तर उत्तम. तासाभरानेही तसाच असेल तर कणीक जास्त झाली. असल्या दगडाभोवती मासा फिरकत नाही. उन्हाळ्यात पाणी कोमट असतं, गोळा लवकर विरतो, तेव्हा पाव वाटी कणीक वाढवा.

फेकताना झटका देऊ नका. काठी पूर्ण मागे नेऊन, वजन टोकाला जाणवू लागलं की एका लयीत पुढे आणा. आणि गोळा नुसता गळावर न थापता स्प्रिंग फीडरवर (आमिष धरणाऱ्या तारेच्या स्प्रिंगवर) दाबून बसवा. त्याला धरायला तारेचे वेढे मिळतात.

उजनी धरणात मक्याच्या दाण्यावर काठीचं टोक सारखं थरथरतं, पण गळ रिकामाच येतो. गळ बारीक करू का?

बारीक केल्याने भागणार नाही. आधी थरथर ओळखा. टिकटिक अशी भरभर थरथर असेल तर ती बहुधा चिलापी (तिलापिया मासा), दाणा कुरतडते आहे. त्यावर उपाय कडक दाणा: मका 24 तास भिजवा, अर्धा तास उकळा, त्याच पाण्यात गार होऊ द्या. नखाने दाबला तर खूण पडावी, पण चुरा होऊ नये.

टोक एकदाच हलकं वाकून सरळ होत असेल तर तो सायप्रिनस (कॉमन कार्प) असू शकतो. तो तळाच्या गाळासकट घास ओढतो, तोंडात पारखतो आणि नको ते फुंकून टाकतो. दाणा थेट गळावर टोचलेला असला की गळाचा जडपणा त्याला कळतो आणि टोक रुतायच्या आत घास बाहेर येतो. इथे हेअर रिग लागतो. हा प्रकार इंग्लंडमध्ये 1980 च्या सुमारास रुळला. त्यात दाणा गळावर नसतो, गळाखाली धाग्याने लोंबतो.

8 नंबरचा गळ आणि 30 सेंटीमीटर मऊ गुंफलेला दोरा घ्या. टोकाला बारीक फास करून त्यात सुईने दोन दाणे ओवा, फासात काडीचा तुकडा अडकवा. दोऱ्याचं दुसरं टोक गळाच्या डोळ्यातून पाठीकडून ओवा आणि दाणे वाकणापासून 5 ते 8 मिलिमीटर खाली येतील इतकं ओढून धरा. आता लांब टोकाने दांड्याभोवती, त्या धाग्यासकट, खाली जाणारे आठ वेढे घ्या. मग तेच टोक पुन्हा डोळ्यातून पाठीकडूनच बाहेर काढून आवळा. शेवटचं ओवणं पुढून झालं तर गळ उलटा फिरतो आणि ओठात रुतत नाही. नव्याने बांधणाऱ्यांची नेहमीची चूक हीच.

सोबत शिसं 60 ते 80 ग्रॅम हवं. 10 ग्रॅमच्या शिशाला मासा जुमानत नाही. जड शिशाचा हिसका बसला की तो पळतो आणि गळ आपोआप रुततो. मात्र शिसं असं लावा की तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) तुटला तर ते निसटेल, नाहीतर मासा ते ओढत फिरत मरतो. आजूबाजूला दोन-तीन मुठी मका पुरे. अर्धं पोतं ओतलं तर तुमचे दोन दाणे हजारांत हरवतील.

कटला वर उलटताना दिसतो, पण तळाचा गोळा घेत नाही. सहा गळांचा गोळा लावू का?

सहा गळ नकोत. ते माशाच्या पोटात, डोळ्यात कुठेही अडकतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, मिशा नसतात. तो मधल्या-वरच्या पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. तळाशी काय पडलंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. तरंडा (पाण्यावर तरंगणारी खूण) लावून गळ 1 ते 1.5 मीटर खोलीवर ठेवा. मिश्रणात कणीक निम्मी करा, म्हणजे ढग लवकर पसरेल. घास वर उचलला गेला की तरंडा बुडण्याऐवजी आडवा पडतो. काठी उचलायची तीच वेळ.

0.30 मिमीचा तंगूस, 6 किलो ताकदीचा. तीन किलोचा रोहू तोडून गेला. कसं?

वजनाने नव्हे, झटक्याने. रिळाचा ड्रॅग (ताण वाढला की तंगूस सोडणारा ब्रेक) बोटाने अंदाजून लावू नका. तंगूस काठीच्या कड्यांतून ओढून वजनकाट्याला बांधा आणि 1.5 ते 2 किलोवर सुटेल असा ठेवा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच तुटते. दर खेपेला शेवटचे दोन मीटर बोटांतून फिरवा, खरखर लागली की कापून टाका. मासा काठाशी आल्यावर ड्रॅग थोडा सैल करा, कारण शेवटची उसळी तिथेच असते.

थंडीत एकही घास नाही.

आमिष निम्मं करा, पहाटे जाण्याचा हट्ट सोडा. दुपारी 12 ते 4, उन्हाच्या बाजूचा उथळ काठ.

पावसाळ्यात ओढ्याच्या तोंडाशी अंडी भरलेली मादी लागली तर?

रोहू, कटला, मृगळ याच काळात वाहत्या पाण्याकडे चढतात, म्हणून त्या तोंडाशी गळ टाकूच नका. चुकून लागलीच तर हात ओले करून पोटाखालून आधार द्या, पाण्यातच गळ काढा, कल्ल्यात बोट घालू नका. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवला असेल तर हे काम दहा सेकंदांचं आहे. बऱ्याच जलाशयांवर मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो. त्यांची परवानगी आणि बंदीचे दिवस आधी विचारून घ्या.