दुसरा अँप्लिफायर, मोठा अल्टरनेटर आणि फेटाळलेला क्लेम

प्रश्न : माझी गाडी चार वर्षांची आहे. एक अँप्लिफायर आधीपासून होता, गेल्या वर्षी सबवूफरसाठी दुसरा बसवला. मग बासच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिणमिणू लागले, म्हणून वायरिंगवाल्याने मूळचा ९० अँपियरचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग) काढून १८०चा घातला. दोन महिन्यांपूर्वी दारात उभ्या गाडीला बॉनेटखाली आग लागली. 'कलम ५२ नुसार बेकायदा बदल' असे लिहून विमा कंपनीने सगळा क्लेम फेटाळला. वायरिंगवाल्याने हात वर केले आहेत. त्याचे बिल नाही, पैसे यूपीआयने दिले होते. काय करावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : कंपनीने आपला सगळा भार कलम ५२वर टाकला आहे, आणि नेमकी तीच फळी कच्ची आहे. मोटार वाहन कायद्याचे हे कलम सांगते की, आर.सी.वरचा तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. गाडीची रचना बदलून तिचे मूळ स्वरूपच पालटणे, असा 'बदल' या शब्दाचा अर्थ त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दिला आहे. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले, हे खरे. पण तुमची आर.सी. काढून बघा. चासी नंबर, इंजिन नंबर, इंधन, सीसी, आसने, रंग असेल. अल्टरनेटर किती अँपियरचा, हे कुठेच नसेल.

तेव्हा आर.सी.वरची कोणती नोंद बदलली, एवढे एकच कंपनीला लेखी विचारा.

आता तुमची दुखरी बाजू. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत (म्हणजे तिसऱ्या पक्षाबरोबर स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणारी) आग आणि स्वतःहून पेट घेणे, दोन्ही शब्द स्पष्ट असतात. म्हणून गाडीच्या नुकसानीचा क्लेम उभा राहतो. मात्र मूळ किमतीत नसलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू वेगळ्या जाहीर कराव्या लागतात आणि त्यांच्या किमतीवर साधारण ४ टक्के जादा हप्ता भरावा लागतो. तो तुम्ही भरला नसावा, म्हणजे दोन्ही अँप्लिफायर आणि सबवूफरचे पैसे विसरा. ते मागत बसलात, तर गाडीच्या रास्त क्लेमलाही त्याचा वास लागेल.

मी कंपनीचा वकील असतो तर कलम ५२ काढलेच नसते. गाडी सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी घ्यावी, या पॉलिसीतल्या अटीवर बोट ठेवले असते. हजार वॉटचा अँप्लिफायर पूर्ण जोरात चालला की ८०-९० अँपियर ओढतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणाऱ्या जाड वायरीचा फ्यूज बॅटरीला लागूनच, फार तर दीड फुटावर हवा. अनेक जण तो डिकीत अँप्लिफायरजवळ लावतात आणि मधल्या सगळ्या वायरीला फ्यूजचे संरक्षण राहत नाही. गाडी बंद होती, अल्टरनेटर फिरतच नव्हता, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. पण बॅटरीची वीज अल्टरनेटरच्या वायरीतही असतेच, म्हणून त्यावर फार विसंबू नका. तुमचा फ्यूज कुठे होता, हे प्रकरण त्यावर फिरेल. म्हणून जळालेली वायर, फ्यूज, अल्टरनेटर यांतले काहीही भंगारात देऊ नका. गॅरेजवाला जागा अडते म्हणून ओरडेल. ओरडू दे. फोटो काढा, अग्निशमन दलाचा दाखला घ्या आणि सर्वेअरच्या (नुकसान तपासायला आलेल्या माणसाच्या) अहवालाची प्रत कंपनीकडून मागा. तो अहवाल अंतिम शब्द नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. पॉलिसीतले अपवादाचे (भरपाई वगळणारे) कलम लागू होते हे सिद्ध करण्याचा बोजाही कंपनीवरच असतो.

'अल्टरनेटर मूळचाच होता' असे सर्वेअरला सांगितले नाहीत ना? सांगितले असेल तर आजच लेखी दुरुस्त करा. बदल केल्याने क्लेम कमी होऊ शकतो. खोटे सांगितल्याने तो जातोच.

कमी होण्याचे सांगायचे तर, अमलेंदु साहू खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने पॉलिसीची अट मोडूनही क्लेम पूर्ण नाकारण्याऐवजी 'नॉन-स्टँडर्ड' (अटींत पूर्ण न बसणारा) धरून ७५ टक्क्यांपर्यंत देता येतो, हे मान्य केले. तुमच्या बाबतीत मला ही तडजोड वास्तवातली वाटते.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र द्या. महिन्याभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीने तुमची लेखी तक्रार नाकारल्यापासून एक वर्षाची मुदत असते. दुसरी वाट सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाची, तिला दोन वर्षे आहेत. एकाच तक्रारीसाठी दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. तुमच्यासारख्या तांत्रिक वादात मी आयोग निवडला असता, कारण तिथे इलेक्ट्रिकल तज्ज्ञाचे प्रतिज्ञापत्र देता येते, शिवाय वायरिंगवाल्यालाही सामनेवाला (विरुद्ध पक्ष) करता येते.

त्याने बिल दिले नाही म्हणून घाबरू नका. बिल न देणे हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचे 'भाऊ, १८०चा टाकतो, बिनधास्त वाजवा' छापाचे मेसेज, फिटिंगचे फोटो, सगळे जपा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे प्रमाणपत्र सोबत जोडा आणि तोपर्यंत तो फोन विकू किंवा रीसेट करू नका.