बारा वर्षांखालच्या मुलांना फुटबॉलमध्ये आधी ४-३-३ (चार बचावाला, तीन मध्ये, तीन पुढे) ही रचना शिकवावी की पासिंगचे ड्रिल?

आधी रोंडो. साधारण आठ मीटरचा चौकोन आखा, चार मुलं कडेला, एक मध्ये चेंडू अडवायला. दोन टचमध्ये पास द्यायचा. ज्याचा चेंडू अडला तो आत. या खेळात मूल चेंडू पायाशी येण्याआधीच मान वळवून बघायला शिकतं आणि पास दिल्यावर लगेच जागा बदलतं. योहान क्रायफ १९८८ ते १९९६ बार्सिलोनाचे प्रशिक्षक होते, तेव्हा त्यांच्या सरावात रोंडोला मोठं स्थान होतं.

४-३-३ म्हणजे तरी काय? चेंडू असलेल्या खेळाडूला दोन्ही बाजूंना पास द्यायला माणूस हवा, म्हणजे मैदानभर त्रिकोण. रोंडो मुरला की हे फळ्यावर फारसं समजवावं लागत नाही. सात-सातच्या सामन्यात गोलकीपर सोडून २-३-१ लावा, तेच त्रिकोण दिसतील.

कृपा करून मुलांना शंकूंसमोर लांब रांगेत उभं करू नका. तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू जेमतेम येतो, आणि या वयात तेच सगळ्यात मोठं नुकसान. जागाही बदलत राहा: या आठवड्यात बॅकला खेळलेली मुलगी पुढच्या आठवड्यात फॉरवर्डला.