बिलियनवर शून्यं नऊ की बारा?

आजोबांच्या जुन्या इंग्रजी शब्दकोशात बिलियनवर बारा शून्यं, पेपरात मात्र नऊ, मग खरं कुठलं, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही खरं. शब्दकोश बहुतेक ब्रिटिश असणार.

फ्रान्समधल्या निकोला शुके याने 1484 च्या हस्तलिखितात बिलियन, ट्रिलियन अशी नावं मांडली, ती दर सहा शून्यांना एक अशी. त्यामुळे बिलियन म्हणजे मिलियन मिलियन, बारा शून्यं. पुढे तीन-तीन शून्यांवर नाव बदलायची दुसरी रीत निघाली आणि अमेरिकेने ती उचलली. ब्रिटन जुन्या रीतीवर अडून होतं. अखेर 1974 मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत सांगितलं की सरकारी आकड्यांत बिलियन म्हणजे हजार मिलियनच समजायचं. जर्मन आणि फ्रेंचमध्ये आजही बिलियनवर बाराच शून्यं आहेत. नऊवाल्याला तिकडे मिलियार्ड म्हणतात. तिकडची बातमी वाचताना जपून.

जुन्या रीतीचा अवशेष आपण सांगली-साताऱ्याचे लोक दर पावसाळ्यात तोंडात घोळवतो. टीएमसी! थाउजंड मिलियन क्युबिक फीट. म्हणजे अब्ज घनफूट, आजच्या इंग्रजीत सरळ बिलियन. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी. एका घनफुटात 28.3 लिटर धरले तर भरलेल्या धरणात जवळपास 2 लाख 98 हजार कोटी लिटर पाणी होतं. आजच्या हिशेबाने हे तीन ट्रिलियनच्या आसपास, आजोबांच्या शब्दकोशाप्रमाणे तीन बिलियन. पाणी तेवढंच, सांगलीच्या आयर्विन पुलाखाली यायचं तेवढंच येणार.

ट्रिलियनच्या पुढची नावं पाठ करत बसू नका. क्वाड्रिलियन, क्विंटिलियन, सेक्स्टिलियन यांत लॅटिनमधले चार, पाच, सहा दडलेत. त्या आकड्यात एक मिळवा आणि तिनाने गुणा, शून्यं मिळतात. डेसिलियन दहाचं, म्हणून अकरा त्रिक तेहेतीस. जुन्या रीतीत नुसतं सहाने गुणायचं, साठ. गूगोल या नियमात बसत नाही. एकावर शंभर शून्यांचं ते नाव एडवर्ड कास्नर या गणितज्ञाच्या लहानग्या भाच्याने सुचवलं होतं.

स्पर्धा परीक्षेत मिलियन दहा लाख, बिलियन शंभर कोटी, ट्रिलियन लाख कोटी, एवढं डोक्यात पक्कं असलं की बास. आपली अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म ही भास्कराचार्यांच्या लीलावतीतली उतरंड दर पायरीला दहापट वाढत परार्धाच्या सतरा शून्यांपर्यंत जाते, म्हणून ती इंग्रजी नावांशी एकास एक जुळवायला जाऊ नका. आणि हिंदीतला खरब म्हणजे आपला खर्व नव्हे. खर्वावर दहा शून्यं, खरबावर अकरा. हिंदी बातमीवरून टिपण काढताना मी तो आकडा सरळ कोटीत करून ठेवतो.